सवयीची हवा

प्रयोगशाळेत तिला सगळे हवाबाई म्हणत. हे नाव आधी पाठीमागे चालायचं, मग तोंडावर आलं, आणि शेवटी कुणीतरी तिच्या चहाच्या कपावरही रंगवून ठेवलं. तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. खोटं काय होतं त्यात? बाईचा उभा जन्म हवा चाळण्यात गेला होता. "आमच्या बाईसाहेबांचं लग्नाचं वय हवेतच गेलं," असं तिची वहिनी म्हणायची आणि म्हणून झाल्यावर स्वतःच हसायची.

काम म्हणाल तर हवेतलं विष ओळखणारं यंत्र घडवायचं. धुराचं किंवा वायूचं विष नव्हे, जिवंत विष. उद्या कुणी माथेफिरू उठला आणि त्याने रोगाचे जंतू गर्दीत उधळले, तर माणसं अंथरूण धरायच्या आधी ते कळायला हवं. यंत्र कपाटाएवढं होतं. ते एका बाजूने हवा ओढून घ्यायचं आणि आतल्या जांभळ्या उजेडासमोरून तिचा कण अन् कण सोडायचं. धूळ त्या उजेडात नुसती दिसते, जिवंत कण वेगळा चमकतो. चमकणारे कण नेहमीपेक्षा वाढले की डोक्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा, भोंगा वाजायचा, आणि हवा एका पातळ चकतीतून गाळली जायची. ती चकती प्रयोगशाळेत आणायची आणि तिच्यावर कुठला जंतू बसलाय ते शोधायचं. सगळ्यांनी त्या यंत्राचं नाव नाकोबा ठेवलं होतं.

नाकोबाचं दुखणं वेगळंच होतं. त्याला वास कमी येत नव्हता, नको तितका यायचा. फुलांचे पराग, बुरशी धरलेला पाव, कुणी झटकलेली चादर, कुणाची सणसणीत शिंक, कशावरही बोंब ठोकायचा. पहिल्या मोठ्या चाचणीत त्याने भरलेलं सभागृह रिकामं करवलं. एक बडे अधिकारी सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पळाले आणि त्यांच्या पाठोपाठ भोंगाही थांबला. अंगाला पावडर थापून आले होते साहेब, आणि ती पावडरही त्या उजेडात चमकत होती. त्यावर प्रयोगशाळेत महिनाभर हसणं चाललं, पण हवाबाईला काही हसू आलं नाही. ऊठसूट ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि ज्याचं कुणी ऐकत नाही ते यंत्र भंगारात जातं, हे तिला माहीत होतं.

उपाय सुचला तो दादाच्या घरी. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा हा शाळा सोडून बसस्थानकावर कामाला लागला आणि त्याने हिला शिकवली. सामान वाहण्यापासून सुरुवात केली आणि पुढे आवाजाच्या जोरावर उद्घोषक झाला. गाडी कुठल्या फलाटावर लागली, किती उशिरा सुटणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, हे तो अशा आवाजात सांगायचा की गाडी चुकलेल्या माणसालाही फारसं वाईट वाटू नये. वहिनी म्हणायची, "बाहेर एवढा गोड बोलतो, घरी नुसता खाकरतो." तेही खरं होतं. घरात शिरताना दादा दारात एकदा खाकरायचा, आणि वहिनी पाणी ठेवायला उठायची.

तर दादाने एक कुत्रं आणलं होतं. पहिले काही दिवस ते सगळ्यांवर भुंकलं, वहिनीवर तर जास्तच. मग रुळलं. घरचे कोण हे त्याला कळलं, आणि मग ते फक्त परक्यावर भुंकायला लागलं. हवाबाई चहाचा कप हातात धरून त्या कुत्र्याकडे बघत बसली. चहा पार निवला.

तिथून तिची पद्धत निघाली. नाकोबाला नव्या जागी न्यायचं, भोंगा बंद ठेवायचा आणि काही दिवस नुसतं हुंगू द्यायचं. तेवढ्या दिवसांत जे नाकात येईल ते त्याने घरचं मानायचं आणि पुढे त्यावर ओरडायचं नाही. या प्रकाराला त्यांनी 'रुळवणं' असं नाव दिलं. भोंगा बंद असला तरी रुळवण्याच्या दिवसांत हवा चकत्यांतून गाळली जायचीच, पण त्या चकत्या कुणी तपासत नसे. त्या वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक करायच्या आणि फेकून द्यायच्या. हा नियमही हवाबाईचाच. रोजच्या हवेत बघायचं काय, असं ती म्हणाली, आणि शिकलेली सवरलेली दहा डोकी समोर बसली होती, त्यांतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

रुळवल्यावर नाकोबा शहाणा झाला. दोन-तीन ठिकाणी नीट वागला. मग एक खरीखुरी गर्दीची जागा हवी होती, आणि तिने दादाचं बसस्थानक सुचवलं. सोयीचं होतं हे एक, पण खरं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं ही नेमकं करते काय, ते दादाला कधी दिसलंच नव्हतं. त्याने बघावं असं तिला वाटायचं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं वाटू नये असं थोडंच आहे?

उन्हाळ्याने कहर केला होता. स्थानकाच्या मोठ्या दालनात नुकतेच नवे पंखे बसवले होते, वाऱ्याबरोबर पाण्याचा बारीक फवारा उडवणारे. त्यांच्याखाली बाकावर बसलं की जिवाला बरं वाटायचं. त्यातला एक पंखा बरोबर दादाच्या केबिनच्या खिडकीसमोर होता. खिडकी सताड उघडी टाकून दादा मजेत बसायचा. "साहेबांना एसी, मला फवारा," असं सगळ्यांना सांगायचा.

नाकोबा आला आणि त्याच फवाऱ्याच्या हवेत रुळला.

दादाला त्याचं कोण कौतुक. "माझा भाचा आहे," म्हणून तो सगळ्यांशी ओळख करून द्यायचा. रोज संध्याकाळी बहिणीला फोन करायचा. "बारके, भाचा शहाण्यासारखा झोपलाय. हिरवा दिवा लावून." भोंगा वाजल्यावर लोकांना काय सांगायचं, तेही तिने दादाच्याच आवाजात भरून घेतलं. केबिनचं दार लावून, एका दमात: "प्रवाशांनो, घाबरू नका. सामान जागेवर राहू द्या. लहान मुलांचा हात धरा आणि सावकाश बाहेर पडा." सुरुवातीला तो सवयीने खाकरला होता. ती म्हणाली, "दादा, परत घेऊ या, खाकरल्याचा आवाज आलाय." तो म्हणाला, "राहू दे गं. लोकांना कळू दे, माणूस बोलतोय."

मग एक दिवस त्याचा फोन दुपारीच आला.

"बारके, जरा येऊन जातेस? इथे बरेच जण खोकतायत. दोन ड्रायव्हर रजेवर गेले, चहावाल्या मावशीला ताप आहे, मलाही कसकस वाटतेय. हवेत काही नाही ना?"

ती लगेच गेली. तिने नाकोबाचं दार उघडून आतला आलेख पाहिला. रेघ सरळ होती, दिवा हिरवा होता. तिने मागच्या दिवसांचंही सगळं चाळलं आणि तिला मनातून बरंच वाटलं, कारण एवढ्या गर्दीत एकदाही खोटी बोंब नव्हती.

"दादा, हवा स्वच्छ आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्याचं होतं असं. काढा घे आणि झोप."

"तू म्हणतेस ना, मग झालं," दादा म्हणाला. तो झोपला मात्र नाही. माणसं कमी पडत होती म्हणून कामावर गेला. वर ड्रायव्हरांना, हमालांना, मावशीला, सगळ्यांना सांगत फिरला की माझ्या बहिणीचं यंत्र आहे, हवेत काही नाही, उगाच घाबरू नका. ताप अंगात घेऊन हे सांगत फिरला. पुढे हवाबाईला हे ज्याने त्याने सांगितलं, आणि प्रत्येकाला वाटलं की आपण त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं सांगतोय.

आठवडा संपायच्या आत दादा इस्पितळात होता. दोन्ही फुप्फुसं भरली होती. तापात काहीबाही बरळायचा, नसलेल्या गाड्यांच्या घोषणा करायचा. औषध चालू होतं, पण लागू पडत नव्हतं. मग श्वासासाठी घशात नळी घातली आणि त्या घोषणाही बंद झाल्या.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी हवाबाईला बाहेर बोलावलं. "नेहमीच्या न्यूमोनियाचं औषध देतोय, पण उतार पडत नाहीये. मला पहिल्या दिवशीच एक शंका आली होती. एक जंतू असतो, कोमट साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांबरोबर छातीत जातो. त्याला औषध वेगळं लागतं. कामाच्या जागी कूलर, फवारा असं काही आहे का, म्हणून मी विचारलं होतं."

"मग?"

"तुमच्या वहिनी म्हणाल्या, फवारा आहे, पण तिथल्या हवेवर यंत्र पहारा देतंय. नणंदेनेच केलंय, तिने स्वतः येऊन बघितलं. मी म्हटलं, मग ते नसणार. त्या यंत्राला असला जंतू कळतो ना?"

पंखे आधी आले होते आणि नाकोबा मागून. चोर आधीच घरात जेवत बसला असेल, तर नवं आणलेलं कुत्रं त्यालाच घरचा समजणार आणि त्याच्यापुढे शेपटी हलवणार. हे तिला आत्ता, इस्पितळाच्या भिंतीला टेकून, पहिल्यांदा कळलं. ते सांगू शकल्या असत्या त्या रुळवण्याच्या दिवसांतल्या चकत्या. त्या तिनेच स्वतःच्या हाताने वाफेत घालून फेकल्या होत्या.

"औषध बदला," ती म्हणाली. "आत्ता बदला. यंत्राला कळत नाही. माझ्यामुळे कळत नाही."

औषध त्याच तासाला बदललं आणि तपासणीही पाठवली. वहिनी बाकावर बसून सगळं ऐकत होती. ती उठून जवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून तो कामावर गेला." एवढंच बोलून ती परत जाऊन बसली. हवाबाईला वाटलं, हिने मला मारावं, केस उपटावेत, काहीही करावं. वहिनीने काही केलं नाही. तिच्याकडे पाठ करून ती काचेतून आत बघत राहिली.

इथे थांबून करण्यासारखं काहीच नव्हतं. तिकडे मात्र पंखे चालूच होते. त्यांच्याखाली लोक बसले होते, तोंड वर करून, पोरं मांडीवर घेऊन. तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन केला.

"तपासणीचा निकाल येऊ द्या," साहेब म्हणाले. "उद्या यंत्र मंजूर करायला समिती येतेय. इतक्या वर्षांचं काम आहे, तुमचंच आहे. एका शंकेवरून त्यावर पाणी फिरवायचं का? एक दिवस दम धरा."

"साहेब, माझा भाऊ—"

"मला कळतंय. म्हणूनच म्हणतोय, तुमचं मन आत्ता ठिकाणावर नाही."

मन ठिकाणावर नव्हतंच. ती तशीच स्थानकावर गेली. स्थानकप्रमुख तिला ओळखत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, दादाची चौकशी केली. पंखे बंद करा म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, मागच्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ उकाड्याने चक्कर येऊन पडले माझ्यासमोर. पंखे कुणाच्या सांगण्यावरून बंद करू? वरून विचारतील, कारण काय?"

"हवेत जंतू आहेत."

स्थानकप्रमुखांनी काचेतून दालनाकडे बोट दाखवलं. "ते बघा, तुमचंच यंत्र. दिवा हिरवा आहे. तुमच्याच लोकांचा लेखी हुकूम आहे की दिवा हिरवा असेल तर अफवा पसरू द्यायची नाही. मी तुमचं ऐकू की तुमच्या यंत्राचं?"

हे सगळं तिनेच पढवलेलं होतं, यंत्रालाही आणि माणसांनाही. आपलेच दात आपलेच ओठ. तिने त्यांच्यापुढे हात जोडले. स्थानकप्रमुखांना फार अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "असं नका करू हो." पंखे मात्र चालूच राहिले.

ती दालनात आली. गर्दी होती. फवाऱ्याचं पाणी तिच्या चेहऱ्यावर बसलं, गार, सुखाचं. तिने श्वास रोखला, आणि इतक्या जणांत आपण एकटीच श्वास रोखतोय याची तिला लाज वाटली. मग ती नाकोबापाशी गेली आणि तिने किल्लीने त्याचं दार उघडलं.

रुळवलेलं यंत्र चालू जागेवर पुसायचं नाही, असा नियम होता. तोही तिचाच, आणि त्याला कारण होतं. सगळं विसरलेल्या नाकोबाला घरचं कुणीच उरत नाही. तो बुरशीवर, घामावर, पोत्यांवर, कशावरही ओरडेल. त्याच्या ओरडण्यावरून फवाऱ्यात जंतू आहेत असं काही सिद्ध होणार नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण भोंगा झाला की चकती गाळली जाते, आणि भोंग्यानंतरची चकती तपासावीच लागते. भोंगा झाला की दालन रिकामं करावंच लागतं. तिला तेवढंच हवं होतं. जन्मभर जी खोटी बोंब मोडून काढायला ती राबली, तीच ठोकून द्यायला आज ती स्वतःच्या हाताने निघाली होती.

'शिकलेलं सगळं पुसायचं का?' यंत्राने विचारलं. तिने हो म्हटलं. यंत्राने पुन्हा एकदा विचारलं. तिने पुन्हा हो म्हटलं.

हिरवा दिवा विझला. नाकोबाने ओळीने दोन-तीन लांब श्वास घेतले. मग दिवा लाल झाला आणि भोंगा असा वाजला की बाकावरची माणसं ताडकन उभी राहिली. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एक बाई किंचाळण्याच्या बेतात होती.

तेवढ्यात वरच्या कर्ण्यांतून दादा खाकरला.

"प्रवाशांनो, घाबरू नका. सामान जागेवर राहू द्या. लहान मुलांचा हात धरा आणि सावकाश बाहेर पडा."

आणि लोकांनी ते ऐकलं. वर्षानुवर्षं हा आवाज त्यांना गाड्या दाखवत आला होता, तोच सांगतोय म्हटल्यावर ते चालू लागले. कुणी धावलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. बायांनी पोरांचे हात धरले. दादा पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, दर वेळी आधी खाकरून. हवाबाई नाकोबाला पाठ लावून खाली बसली आणि लोकांदेखत हमसून हमसून रडली. स्थानकप्रमुख धावत आले, त्यांनी दिव्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पंख्यांचा खटका खाली ओढला.

चकतीवर तो जंतू सापडला. गच्चीवरच्या टाकीत तर बुळबुळीत थर साचला होता. ज्या ज्या कुणाला ताप होता त्या सगळ्यांना हुडकून योग्य ते औषध दिलं. चहावाल्या मावशी बऱ्या झाल्या, दोघे ड्रायव्हर बरे झाले. साहेबांनी समितीपुढे मोठ्या मनाने सांगितलं की यंत्राने शेवटी इशारा दिलाच. हवाबाईने तिथल्या तिथे उठून ते खोडून काढलं. तिला कामावरून काढलं नाही, पण नवं यंत्र घडवण्याच्या खोलीतून मात्र बाहेर काढलं. आता ती जागोजागीच्या यंत्रांची देखभाल बघते. रुळवण्याच्या दिवसांतली चकती अन् चकती हल्ली तपासली जाते, आणि वाफेचं भांडं दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे.

दादा गेला. औषध बरोबर होतं, पण उशिरा पोचलं. डॉक्टरीणबाईंनी ते सांगताना खाली बघितलं, आणि हवाबाईने त्यांचा हात धरून ठेवला, कारण तिथे तिला दुसऱ्या कुणाचा हात धरता येत नव्हता. वहिनी तिच्याशी बोलत नव्हती. हिने दोनदा जाऊन बघितलं. दार उघडायचं, पाणी मिळायचं, शब्द मिळायचा नाही.

स्थानकावर महिन्यातून एकदा भोंग्याची चाचणी होते. आधी सूचना लागते, मग भोंगा एकदाच वाजवायचा, घोषणा एकदाच ऐकवायची. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या चाचणीला हवाबाई तिथे गेली, तर पंखे काढल्यावर भिंतीत राहिलेल्या भोकांखाली, बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन वहिनी बसली होती. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. हवाबाईने तिच्याकडे बघितलं आणि खटका दाबला. दादा खाकरला, बोलला, थांबला. चाचणीच असल्यामुळे कुणी जागचं हललं नाही. लोक पुन्हा आपापल्या गाड्यांची वाट बघू लागले.

वहिनी उठून यंत्रापाशी आली.

"खाकरला तो," ती म्हणाली.

"हो."

"अजून कान असतो माझा दाराकडे. पाणी ठेवायला उठते मी."

हवाबाई म्हणाली, "मोबाइलवर घालून देऊ का, वहिनी? घरी ऐकता येईल."

"घरी नको. घरी तो असलं काही बोलत नव्हता." वहिनीने कर्ण्याकडे मान वर केली. "परत लाव."

चाचणी एकदाच घ्यायची, हा नियम नेमका दुसऱ्या कुणीतरी केलेला होता. हवाबाईने खटका पुन्हा दाबला. दादा खाकरला आणि म्हणाला, घाबरू नका, सावकाश बाहेर पडा. वहिनीने पदर सारखा केला, पिशवी खांद्याला लावली आणि त्याने सांगितलं तशी सावकाश चालत दाराबाहेर गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हवाबाई खटक्यावर हात ठेवून, दादाचं बोलणं संपेपर्यंत, तिथेच उभी राहिली.